गुळाचा खडा

ईशान, मुक्ता, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आजोबा तुम्हाला नदीपलीकडच्या कारखान्याचा बॉयलर हंगामासाठी पेटवल्याचं सांगत होते. बोलता बोलता ते थांबले. तोंड अर्धवट उघडं आणि नजर तुमच्यावर. ईशान, तू म्हणालास, "नेटवर्क गेलं वाटतं," आणि फोन ठेवलास. नेटवर्क गेलं नव्हतं. आजोबांचा श्वास संपला होता. तो पुन्हा भरून घ्यायला त्यांना वेळ लागतो. तो भरला तेव्हा तुम्ही गेला होतात. उरलेलं वाक्य त्यांनी काळ्या पडद्यालाच सांगितलं.

म्हणून हे आता लिहिते आहे. दुसरंही कारण आहे. ईशान, तू मे महिन्यात आला होतास तेव्हा तुझ्या उशीपाशी पेनासारखी एक चपटी वस्तू पडलेली मी पाहिली. काय आहे विचारलं, तर तू हसलास. "आजी, ह्यात धूर नाही. नुसती वाफ आहे. वास घे, आंब्याचा आहे." मी वास घेतला. आंब्याचाच होता. पण मला त्या क्षणी तुझ्या थोरल्या आबांचा खिसा आठवला आणि मग काही बोलता येईना. आता हंगाम पुन्हा सुरू झाला आहे. खिडक्या बंद करून बसले आहे. आता बोलते.

दिवाळी आटोपली की आमच्याकडे उसाचा हंगाम लागतो. पहाटे कारखान्याचा भोंगा वाजतो आणि मग होळीपर्यंत त्या भोंग्यावरच सगळ्यांची घड्याळं चालतात. उंब्रजकडच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे जोडलेल्या ट्रॉल्या, त्यांतून लोंबणारी कांडी, चाकाखाली चिरडलेल्या उसाचा आंबूस वास. तोडणी झालेल्या रानात पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवतात. दुपारी आभाळातून काजळीच्या काळ्या, लांबट काड्या तरंगत खाली येतात आणि दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर बसतात. लग्न होऊन माधवनगरहून मी इथे आले ती अशाच दिवसांत. माझे वडील तिथल्या कापडगिरणीत होते. आमच्या अंगणात कापसाचे तंतू उडायचे, ते हाताने झटकले की झालं. इथे पहिल्याच दिवशी मी आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्यावरची काजळी झटकली आणि खांद्यावर काळी रेघ उमटली. थोरली जाऊ, म्हणजे तुमची आक्का, मागून म्हणाली, "हात लावू नगंस, पोरी. फुक." आणि तिने स्वतः गाल फुगवून, नाजूकपणे, दुसरी काडी उडवून दाखवली. तेव्हापासून हंगामातले कपडे आम्ही फुंकून घरात आणतो.

आक्काचे यजमान ते आबा, आजोबांचे थोरले भाऊ. आजोबा फौजेत असताना शेती आबांनी सांभाळली. मळ्यात त्यांचं गुऱ्हाळ होतं आणि गूळ ते स्वतः काढायचे. चुलवाणात, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीत, पिळलेल्या उसाची वाळलेली चिपाडं ढकलायची, वर मोठ्या काहिलीत रस उकळायचा, मळी काढायची, आणि काहील उतरली की सगळ्यांनी जरा टेकायचं. त्या टेकण्याची एक रीत होती. चुलवाणातून जळकं चिपाड ओढून त्यावर बिडी पेटवायची. बिडी संपली की कोमट गुळाचा एक खडा तोंडात टाकायचा. बिडी आणि वर गूळ, असं जोडीनेच. आबांच्या कोपरीच्या एका खिशात बिडीचं बंडल असायचं, त्यालाच लागून कागदात गुंडाळलेला गूळ. गुऱ्हाळ बंद असायचं त्या महिन्यांतही हे दोन्ही त्यांच्याजवळ असे. कोपरी धुवायला काढली की खिशाला तंबाखूचा आणि गुळाचा एकच वास यायचा, गोड आणि कडवट.

"गुळानं छाती धुतली जाती," आबा सांगायचे. गावात सगळेच सांगायचे. कारखान्यात बॉयलरवर काम करणारे, पाचट जाळणारे, सगळे गूळ खायचे आणि निर्धास्त असायचे. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे म्हणून आबा मला मास्तरीणबाई म्हणत. एकदा मी त्यांना सांगितलं, "आबा, गूळ पोटात जातो. धूर फुप्फुसात जातो. दोन्हींच्या वाटा घशापासूनच वेगळ्या होतात. मग धुणार कोण?"

आबा खळखळून हसले आणि हसता हसता खोकले. "मास्तरीणबाई, तुमच्या इंग्रजीत गूळच न्हाई. म्हणून तुमचं डाक्टर नुसतं भ्या दावत्यात."

शेजारी बसलेले आजोबाही हसले. ते सुट्टीवर आले होते. बर्फातल्या चौकीवर सिगारेटची सवय लागली, तिथे सगळेच ओढायचे, असं त्यांनी मला सांगितलं होतं. घरी आले की भावाबरोबर बिडी. पुढे सुभेदार होऊन निवृत्त झाले तेव्हा दोघे भाऊ चुलवाणासमोर एकाच चिपाडावर बिड्या पेटवत बसायचे. पाठमोरे बघितले तर कोण थोरला, कोण धाकटा, ओळखू यायचं नाही. खोकत मात्र वेगवेगळे. आबांचा खोकला कोरडा, एकेक तोडून टाकल्यासारखा. आजोबांचा ओला आणि लांब.

त्या खोकल्यालाही आमच्याकडे नाव होतं, हंगामी खोकला. भोंगा वाजला की यायचा आणि पाडव्याच्या सुमाराला जायचा. धुरामुळे येतो हे सगळ्यांना मान्य होतं, फक्त तो धूर पाचटाचा, चुलवाणाचा आणि कारखान्याच्या चिमणीचा. ओठांतल्या एवढ्याशा बिडीकडे कुणी बोट दाखवत नव्हतं. भोवती आभाळभर धूर असताना चिमूटभर धुराला कोण मोजणार? पाचटाचा धूर बाधतो हे खोटं नाही, तो आजही बाधतो. पण त्यातला बराचसा अंगावरून जातो. बिडीचा धूर माणूस स्वतः ओढून खोल घेऊन जातो, कोंडून धरतो, दिवसातून कितीदा तरी.

एका वर्षी पाडवा गेला आणि आबांचा खोकला गेला नाही. ईशान, तू तेव्हा पहिलीत होतास; मुक्ता रांगत होती. वैशाखात गुऱ्हाळ थंड होतं, रानं मोकळी होती, आभाळ धुतल्यासारखं निळं, धुराचा कुठे मागमूस नाही, आणि आबा खोकत होते. गळा बसला तो बसलाच. कोपरी खांद्यावरून घसरायला लागली. त्यांनी गूळ वाढवला. आक्काने सुंठ घातली, हळद घातली. एक दिवस ती चुलवाणाजवळची जागा झाडायला गेली आणि चिपाडाच्या ढिगाआड तिला थुंकीत रक्त दिसलं. ताजंही आणि वाळलेलंही. आबा तिथे जाऊन थुंकत होते, म्हणजे घरात कुणाला दिसू नये.

सांगलीला नेलं. माधवनगरला माझ्या भावाच्या घरी आम्ही राहिलो आणि तिथून रोज दवाखान्यात जाऊ लागलो. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, माझी विद्यार्थिनी शोभतील अशा. त्यांनी आबांच्या छातीचा फोटो उजेडाकडे धरला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "बाबा, इतके दिवस कुठे होता?"

"हंगाम चालू हुता," आबा म्हणाले.

फुप्फुसाचा कर्करोग होता, पसरलेला. पुढचं सविस्तर लिहीत नाही. त्या वॉर्डात एकाच आजाराची माणसं होती आणि बहुतेकांच्या उशाशी बसलेल्या बायका आक्कासारख्याच होत्या, डोक्यावर पदर, मांडीवर थर्मास, बोलणं कमी. तिथे रोज नवा आवाज ऐकू यायचा आणि एखादा जुना आवाज थांबायचा. आबांना झोपून श्वास घेता येईना, म्हणून ते बसून असायचे. पुढ्यातल्या उशीवर कपाळ टेकून. एकदा त्यांनी आक्कापुढे हात जोडले. मी तिथेच होते. "एकदा घरी जाऊ दे गं. पुन्यांदा शिवणार न्हाई." बंडल तर त्यांच्या खिशात नव्हतंच. कशाला शिवणार नव्हते? पण आयुष्यभर जे म्हणाले नाहीत ते आता म्हणत होते आणि घरी जाण्याच्या बदल्यात देण्यासारखं त्यांच्याजवळ तेवढंच उरलं होतं.

त्यांना घरी आणलं तेव्हा रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या होत्या. रुग्णवाहिका त्यांच्या मागे मागे, सावकाश. घाई करण्याचं कारण उरलं नव्हतं.

आता दहाव्याचं सांगते. तुम्ही कधी पाहिलेलं नाही. मेलेल्या माणसाच्या नावाने नदीकाठी पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला की त्याची इच्छा उरली नाही असं समजतात. पिंडाजवळ त्याच्या आवडीचं काही ठेवायचीही रीत आहे. आबांना मूलबाळ नव्हतं, म्हणून क्रियेला आजोबा बसले होते. डोकं भादरलेलं, थंडीत उघडं अंग. आम्ही बायका मागच्या पायरीवर. पिंडाजवळ भात, वडे, ताज्या गुळाचा मोठा खडा. मग कुणीतरी म्हणालं, "सुभेदार, बिडी ठेवा की. त्यांचा जीव तिच्यात हुता."

बिडी काडीपेटीने नुसती पेटत नाही. ओढावी लागते. आजोबांनी ती ओठांत धरली, पेटवली, एक झुरका घेतला, आणि भावाच्या पिंडासमोर बसून खोकायला लागले. वाकून, दोन्ही हात दगडावर टेकून खोकले. ती बिडी तशीच चिमटीत. खोकला थांबल्यावर त्यांनी ती पिंडाशेजारी ठेवली. धूर सरळ वर गेला.

कावळे समोरच्या बाभळीवर होते. एकही खाली येईना. मग नेहमी होतं ते सुरू झालं. लोक शब्द द्यायला लागले. "आबा, गुऱ्हाळ बंद पडू देणार न्हाई!" "आबा, आक्काला कायबी कमी पडणार न्हाई!" आजोबांनीही हात जोडून सांगितलं, वहिनीला आईसारखं बघीन. कावळे बाभळीवरच.

आणि आक्का उठली. दहा दिवस ती काही बोलली नव्हती. पायऱ्या उतरून पुढे गेली आणि म्हणाली, "आवं भाऊजी, ती बिडी उचला तिथनं."

"आक्का, त्यांची इच्छा..." एक म्हातारबा म्हणाले.

"कसली इच्छा? जाताना हात जोडून म्हणलं, पुन्यांदा शिवणार न्हाई म्हणून. आन् तुमी मेल्यावरबी तोंडात घालताय व्हय? सुटू द्या की आता त्यास्नी."

आजोबांनी बिडी उचलली. ठेवणार कुठे? ती हातातच राहिली. आक्का त्यांच्यासमोर उभी. "का धरून बसलाय? ओढा की. आता तुमचीच पाळी."

मग त्याच म्हातारबांनी हळूच सांगितलं, "सुभेदार, सोडतो म्हणून शब्द द्या. कावळा त्याच्याचसाठी खोळंबलाय." सगळे आजोबांकडे बघत होते. मीही. मला त्या क्षणी दुसरं काही नको होतं, फक्त हा एक माणूस त्या वॉर्डात जाऊ नये. आजोबांचे ओठ हलले. पण शब्द त्यांनी दिला नाही. खोटा ठरेल असं त्यांना वाटलं असावं आणि तिथे खोटं बोलायचं नव्हतं. बोटांतली बिडी तशीच राहिली. बिडी ओढली नाही तर आपोआप विझते. ती विझली.

कावळा आलाच नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

त्यानंतर आजोबांनी जे केलं ते शब्द न देता केलं. पण ते सरळ झालं असं समजू नका. पहिले काही दिवस घरात वाघ बांधल्यासारखं होतं. चहा गार आहे म्हणून ओरडले, चहा गरम आहे म्हणून ओरडले. रेडिओवर रागावले. हात सारखा खिशाकडे जायचा. लवंगा चघळल्या, बडीशेप चघळली, झोप उडाली. आक्का सकाळी दाताला मिश्री लावत उंबऱ्यात बसायची. तिच्यावरही एकदा घसरले, "वैनी, माझी बिडी दिसती, तुमची मिश्री न्हाई दिसत?"

"ती दाताला हाय, छातीला न्हाई."

"तंबाखूच न्हवं ती?"

"आदी तुमी सोडा. मग माझ्या दाताकडं बघा." तिची मिश्री सुटायला पुढे बराच काळ गेला, पण सुटली.

आणि मग खोकला वाढला. बिडी सोडल्यावर कमी व्हायचा तो दुप्पट झाला, काळपट कफ पडायला लागला. गावातली माणसं भेटायला येऊन सांगायची, "एकदम सोडली, म्हणून बाधलं. सुभेदार, एखादी ओढा, वर गूळ खावा, बरं वाटंल." होळीच्या दिवशी आजोबा बाहेर गेले आणि परत आले ते माझ्याकडे न बघता. कपड्यांना वास होता. ओसरीवर मान खाली घालून बसले. मी काही बोलणार तेवढ्यात आक्का चहाचा कप घेऊन आली. "ओढली न्हवं? बरं. उद्या ओढू नगा. घ्या, च्या गार हुतोय."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगलीला नेलं, त्याच डॉक्टरीणबाईंकडे. त्या म्हणाल्या, खोकला वाढला हे चांगलं लक्षण असतं. श्वासाच्या नळ्यांना आतून बारीक केस असतात, घाण बाहेर ढकलणारे. धुराने ते लुळे पडतात. धूर थांबला की पुन्हा कामाला लागतात आणि साठलेलं बाहेर काढतात. तेच झाडलोट करत होते आणि गाव त्यांना थांबवायला सांगत होतं. बाईंनी तलफ मारायला गोळ्या दिल्या, चघळायचा निकोटिनचा डिंक दिला. सोडताना मदत घेण्यात कमीपणा नाही, हेही सांगितलं. मग हातात श्वास मोजायच्या यंत्राची नळी दिली. "जोरात फुंका."

डोंगर पळत चढलेला तुमचा आजोबा ती नळी तोंडात धरून फुंकत होता. गाल फुगले, मानेच्या शिरा ताठ झाल्या आणि यंत्रावरची रेघ जागची फारशी हललीच नाही. त्यांनी नळी खाली ठेवली. "हे परत येईल का?"

"गेलेलं परत येत नाही," बाई म्हणाल्या. "उरलेलं राखता येतं. ओढत राहिलात तर तेही राहणार नाही."

हे वाक्य तुम्ही नीट वाचा. फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या एकदा फाटल्या की शिवता येत नाहीत. पण सोडल्या दिवसापासून फाटण्याचा वेग मंदावतो, हृदयावरचा ताण उतरायला लागतो, आबांना झालेल्या रोगाची शक्यता वर्षागणिक घटत जाते. कोणत्याही वयात सोडलं तरी फायदा होतो. लवकर सोडलं तर उरतं जास्त.

आम्हाला फायदा आधी स्वयंपाकघरात कळला. एक दिवस आजोबा म्हणाले, "आमटी खारट झाली." मी चाखली, नेहमीसारखी होती. दुसऱ्या दिवशी भाजी खारट, तिसऱ्या दिवशी पिठलं. मग लक्षात आलं. इतकी वर्षं मी त्यांच्या मेलेल्या जिभेला कळेल एवढं मीठ घालत आले होते आणि सगळं घर ते खात होतं. जीभ आता जागी झाली होती. थोड्या दिवसांनी त्यांनी आपला फौजेतला लोकरी कोट नाकाला लावला, तोंड वाकडं केलं, आणि स्वतःच विहिरीवर धुवायला नेला. पाणी तपकिरी निघालं. दोनदा बदललं तरी तपकिरी.

त्यानंतर ते पुन्हा उंब्रजच्या बाजाराला चालत जायला लागले. मुक्ताला खांद्यावर घेऊन मळ्यापर्यंत जायचे. मुक्ता, तुला ते आठवत नसेल, मला आठवतं. ती वर्षं त्या सोडण्यातून आली, हे मला ठाऊक आहे. न सोडणारे त्यांचे जोडीदार आज नाहीत.

पण सगळं गोड झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. वय वाढलं तसं उरलेलं थोडंच आहे हे दिसायला लागलं. आता हंगाम लागला की खिडक्या बंद, औषधाचा फवारा सकाळ-संध्याकाळ, ओसरीच्या पायऱ्या चढताना मध्ये थांबणं. बोलताना थांबणं. आबांचं गुऱ्हाळ आता दुसरं कुणी चालवतं. वास येतो तेव्हा आजोबा मान फिरवतात. वास गुळाचा असतो, पण त्यांना तो चुलवाणासमोरून येतो, शेजारी बसलेल्या भावाकडून.

ईशान, तुझ्या त्या वस्तूत आंबा आहे, आबांच्या खिशात गूळ होता. गोड चवीमुळे आतली गोष्ट बदलते असं आबांना वाटलं. धूर नसेल, पण ज्याने आजोबांचा हात खिशाकडे जायचा ते निकोटिन बहुतेक वेळा त्या वाफेतही असतं. विचारून बघ. छातीत ती वाफ काय करते हे कळायला वेळ लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आमच्याकडे खोकल्याचं कळायलाही वेळच लागला होता. मी तुझ्याकडून शब्द मागत नाही. तुझ्या आजोबांनीही दिला नव्हता. सोड एवढंच म्हणते. एकट्याने जमलं नाही तर डॉक्टरांकडे जा, आणि एखादे दिवशी पुन्हा ओढलीस तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सोड.

आणि फोनवर आजोबा थांबले तर ठेवू नका. थांबा. वाक्य पुरं होतं.

आज सकाळी आक्का उन्हात बसली होती आणि मी दोरीवरचे कपडे काढत होते. माझ्या पांढऱ्या पातळावर काजळीची एक काडी बसली. आजोबा खुर्चीतून उठले, दोरीपाशी आले, एका हाताने बांबू धरून उभे राहिले. श्वास भरून घेतला. वेळ लागला, आम्ही दोघी थांबलो. मग त्यांनी ओठ पुढे करून फुंकलं.

काडी उडाली. पातळावर डाग नाही. तेवढी फुंकर अजून आहे.